कोठीत ठेवलेला पालक

६ जाने., सोम.

आजही चौकोन. चित्रांच्या जागी नुसते रिकामे चौकोन, ओळीनं सात. सकाळपासून तीच ओळ कॉपी करतेय, तीच पेस्ट करतेय. शिकवणीच्या व्हिडिओतला माणूस दोन मिनिटांत करून दाखवतो अन् वर विचारतो, 'सोपं आहे ना?' त्याला आमच्या नालवाडीत आणून माझ्या खुर्चीवर बसवावंसं वाटतं.

श्वेता मॅडम (नागपूर ऑफिस. त्या सव्वीस वर्षांच्या, मी त्रेचाळीस) फोनवर म्हणाल्या, "ताई, ड्रॉ मत करो. आयकॉन लायब्ररी है ना! हजारो चित्रं रेडी असतात. वर लिंक टाका, खाली नाव लिहा, चित्र आपोआप येतं."

लिंक टाकली. नाव लिहिलं. चौकोन आला.

एकोणीस वर्षं वर्ध्याच्या छापखान्यात लोकांच्या लग्नपत्रिका जुळवल्या. कुठला गणपती चित्रांच्या कुठल्या सीडीत, कलश कुठे, वाजंत्रीवाले कुठे, सगळं तोंडपाठ. छापखाना दिवाळीनंतर बंद झाला. आता हे वेबचं काम, महिनाभर ट्रायलवर. जानेवारीअखेर मॅडम सांगणार, कायम की नाही.

नाही म्हणाल्या तर पुणे. प्रवीणनं (धाकटा भाऊ) ५ फेब्रु.ची माझी आणि मायची तिकिटं काढूनच ठेवली आहेत. "लागली नोकरी तर कॅन्सल करू ना ताई." त्याच्याकडे दोन लहान लेकरं, बायको सकाळी आठला कामाला जाते. मला कशाला बोलावतात ते न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. वाईट नाहीत माणसं. पण एकदा गेले की उरलेला जन्म दुसऱ्याच्या ओट्यापाशी. तेवढं मला नको आहे. बाकी काहीही चालेल.

८ जाने., बुध.

सापडलं! व्हिडिओ लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीचा, लिंक मी नव्या आवृत्तीची घेतलेली. नव्यात नावं बदलली आहेत. म्हणजे तीन दिवस मी चुकीच्या नावानं हाका मारत होते.

नाव बदललं आणि पडद्यावर घर उमटलं. छोटंसं, उतरत्या छपराचं. माय मागून जात होती, थांबली. "हे तं घर हाय." बस, एवढंच बोलली आणि मागच्या वाडीतल्या भाजीला पाणी द्यायला गेली. मी पदर तोंडावर घेऊन रडले. एका घरासाठी!

काम काय आहे ते स्वतःलाच एकदा नीट लिहून ठेवते, डोकं ठिकाणावर राहील. सिंदी (रेल्वे)जवळच्या गावात भाजीवाल्या बायांचा गट आहे, चौदा जणी. नागपूरच्या एका कंपनीची गाडी त्यांचा माल न्यायला येणार. कोणाकडे उद्या कोणती भाजी, किती जुड्या, हे बायांनी आदल्या संध्याकाळी मोबाइलवर भरायचं. यादीत माल दिसला तर गाडी येते, नाही तर येत नाही. चौदापैकी नऊ जणींना वाचता येत नाही. म्हणून सगळं चित्रांवर.

११ जाने., शनि.

लायब्ररीत शोधायचं ते इंग्रजी नावानं. 'ब्रिंजल' टाकलं, शून्य. मॅडम म्हणाल्या, 'एगप्लांट' टाका. 'लेडीज फिंगर' टाकलं तर हाताच्या बोटांची वीस चित्रं आली. मेथी नाही. पालक नाही. सांबार नाही (मॅडमना 'कोथिंबीर' म्हणावं लागतं, सांबार म्हटलं की त्यांना इडली आठवते). पिझ्झ्याची मात्र सहा चित्रं.

शेवटी ठरलं, भाज्यांचे फोटो मी काढायचे, मायच्या वाडीतले. बटणं मात्र सगळी लायब्ररीतली. घर, अधिक, उणे, फोन, गाडी, छत्री (हवामानासाठी) आणि खोडायला कचऱ्याचा डबा. सात. मॅडमची सक्त ताकीद, लायब्ररीबाहेरचं एकही नाही. "सगळं एकसारखं दिसलं पाहिजे ताई. एक चित्र वेगळं आलं की पूर्ण पान गावठी वाटतं."

मायला मोबाइल दिला. माय अडुसष्ट, शाळेचं तोंड पाहिलं नाही. पालक दाबला, अधिक अधिक करत पाच जुड्या केल्या. बरोबर! मी शेजारीच बसले होते, चुकीकडे बोट गेलं की "ते नको, ते नको" म्हणत होते. पण बरोबर.

१४ जाने., मंगळ. संक्रांत

प्रवीणचा फोन. तीळगूळ घ्या वगैरे. मग, "ताई, घराला भाडेकरू बघून ठेवू का? अॅडव्हान्समध्ये सांगितलेलं बरं." गोड बोलायचा दिवस म्हणून गोड बोलले. ठेवल्यावर दाणदाण पोळ्या लाटल्या.

माय म्हणाली, "काऊन एवढी जिवाले लावून घेऊन राह्यली? म्या गिरडच्या दर्ग्यातल्या बाबाले नवस बोलली हाय. नोकरी लागली का टेकडी चढून येतो म्हणून." गुडघे असे, आणि टेकडी चढणार आहे!

१७ जाने., शुक्र.

सिंदीला पॅसेंजरनं, तिथून ऑटोनं गावात. गटाच्या प्रमुख कुंदाबाईंनी मुद्दाम हळदीकुंकवाचा दिवस दिला होता. "बाया आयत्याच जमते. कुकू लावू अन् मोबाइल शिकू."

पान उघडल्या उघडल्या एक आक्षेप. सोसायटीची निवडणूक तोंडावर आहे, एका पॅनलची निशाणी छत्री. दुसऱ्या पॅनलच्या पाच जणींनी मोबाइल खाली ठेवले. "हे छत्रीवाल्यायचं हाय. आमी नाई हात लावत." तिथल्या तिथे छत्री काढून ढग घातला. ढगाचं पॅनल नाही, देवाची कृपा.

त्यानंतर मात्र भराभर. फोटो दाबला की भाजी येते, अधिक दाबलं की जुडी वाढते. भरलेलं आपोआप राहतं, वेगळं काही करायला नको. याचाच मला जास्त अभिमान. कुंदाबाई म्हणाल्या, "लय सोपं हाय वं! एवढ्याले काय शिकाव?" येताना वाणाची वाटी मलाही दिली.

मॅडमना कळवलं. अंगठा आला, सोबत फुलांचा गुच्छ. रविवारी संध्याकाळी बाया भरतील, सोमवारी सकाळी सातला पहिली गाडी.

२० जाने., सोम.

गाडी आली नाही.

यादी कोरी होती. चौदा जणींची चौदा पानं कोरी. साडेसातला कुंदाबाईंचा फोन, "वनिताताई, गाडी कुठीशीक अडकली?" मी यादी उघडून पाहिली ती तेव्हा. कंपनीवाल्यांनी सहाला पाहिली, काहीच नाही, गाडी दुसरीकडे वळवली.

बायांनी पहाटे उठून माल कापून, जुड्या बांधून, ओल्या पोत्याखाली रस्त्यावर आणून ठेवला होता. आज बाजाराचा दिवस नाही. अकरापर्यंत पालक लोळला. शेवटी बकऱ्यांपुढे टाकला.

श्वेता मॅडम आधी ओरडल्या, मग एकदम हळू बोलायला लागल्या. ते जास्त वाईट. "ताई, शुक्रवारी तर तुम्ही म्हणालात सगळं ओके आहे."

मी म्हणालेच होते. जेवले नाही. संपलं बहुतेक.

२१ जाने., मंगळ.

गावात जाऊन आले. तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण फोनवर काही कळेना.

कुंदाबाई पायरीवर बसल्या होत्या. पाणी दिलं, बस म्हणाल्या नाहीत. मी विचारलं, "परवा संध्याकाळी भरलं होतं ना?"

"भरलं ना! पालक, मेथी, सांबार, समदं भरलं. अन् मंग कोठीत ठेवलं, झाकण लावून."

"कोणत्या कोठीत?"

त्यांनी मोबाइल घेतला आणि कचऱ्याच्या डब्यावर बोट ठेवलं. "ही काय! रातभर उघड्यावर कसा ठेवाव माल? त्यानं इचारलं बी, ठेवू का म्हणून. म्या हिरवं दाबलं."

इचारलं बी. 'सगळं खोडायचं, खात्री आहे का?' हे मीच मराठीत लिहिलं होतं. वाचता न येणाऱ्या बायांसाठी! खाली हिरवं आणि लाल.

शेजारची शांताबाई म्हणाली, "म्या तं दोनदा ठेवलं, पक्कं रायले पायजे म्हणून." ज्या पाच जणींना वाचता येतं त्यांनीही इतरांचं पाहून तेच केलं. वाचलंच नाही. कोण वाचतं?

परतीच्या गाडीत ते चित्र काढून बघत बसले. झाकण, झाकणाला कडी, अंगावर उभ्या वळ्या. आमच्या घरातली ज्वारीची पत्र्याची कोठी हुबेहूब अशीच आहे. त्रेचाळीस वर्षं तिच्यातलं खातेय. गावात कचरा उकिरड्यावर जातो, त्याला झाकण कोण लावतं? झाकण लावतात ते जपायच्या वस्तूला. माय चुकली नाही कारण मी शेजारी बसून "ते नको" म्हणत होते. आणि त्याला मी तपासणी म्हटलं. गावात तर डबा कशाचा ते सांगितलंच नाही.

बाया चुकल्या नाहीत. मी चुकले. पालक त्यांचा गेला.

२३ जाने., गुरु.

पुढची गाडी ३ फेब्रु.ला, तोवर पान बंद. त्याआधी ३१ ला नागपुरात कंपनीसमोर दाखवायचं. मॅडम म्हणाल्या, ही शेवटची संधी, त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं.

पुन्हा गावात. आज थेट वावरात गेले. कुंदाबाई वांगी तोडत होत्या, मीही तोडायला लागले, म्हणजे बोलायला सोपं. विचारलं, "बाजारात माल सरला की तुम्ही काय करता?"

"काय कराव? टोपलं पालथं घालतो."

"कशाला?"

"अवं, पालथं टोपलं दिसलं का गिऱ्हाईक इचारत बी नाई. पुढं जाते. घसा कोरडा कराचं काम नाई."

मी वांगं हातात धरून उभीच राहिले. खोडायचं म्हणजे हेच की. 'माझ्याकडे आता नाही.' चौदाही जणींना न शिकवता येतं.

२५ जाने., शनि.

लायब्ररीत टोपली आहे! आणि चित्र उलटं करायची सोयही आहे, एक शब्द जोडला की झालं. म्हणजे मॅडमचा नियमही पाळला जातो. उलटी केली, कुंदाबाईंना पाठवली. त्यांचा आवाज रेकॉर्ड होऊन आला, मागे बायांचं हसू. "हे काय वं? दांडी खाली लोंबून राह्यली. हे तं देवाच्या फुलाची परडी सांडली!"

मॉलमधली टोपली ती. दांडीची.

मग स्वतः काढलं. लायब्ररीची चित्रं चोवीस बाय चोवीस घरांच्या चौकटीत असतात, रेघ दोन घरं जाड, टोकं गोल. त्याच मापात बसवलं. पालथा घुमट, खाली जाड काठ, अंगावर विणीच्या तीन रेघा. काल दुपारपासून आज दुपारपर्यंत तेच. इतर सहांच्या ओळीत ठेवलं तर परकं दिसत नाही. एकोणीस वर्षांत लोकांच्या गणपतींची जुळवाजुळव केली, पण स्वतःचं असं काही काढलं नव्हतं. छान झालं आहे. माझ्याच हातानं लिहिते, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही.

२६ जाने., रवि.

माय चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. "टोपलंच हाय. पण सकाळी सकाळी, बोहणीच्या आधी, बाईले पालथं टोपलं दाखवशीन का? लक्षण चांगलं नसते ते."

आधी चिडले. आता शकुन-अपशकुनही सांभाळू? मग कळलं की बरोबर बोलतेय. काही भरलेलंच नसताना खोडायचं बटण हवं कशाला? भाजी भरली की मगच त्या भाजीपुढे टोपलं दिसेल असं केलं. कुंदाबाईंना पाठवलं. उत्तर, "आता जमलं."

आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

२८ जाने., मंगळ.

मॅडम: "ताई, ये क्या है? इडलीपात्र?"

सगळं सांगितलं. कोठी, झाकण, पालथं टोपलं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, खरंच ऐकलं. मग म्हणाल्या, "ताई, ट्रॅशचा डबा युनिव्हर्सल आहे. अख्खं जग वापरतं."

सिंदीच्या बाया जगात येत नाहीत का, असं तोंडावर आलं होतं. म्हटलं, "हो मॅडम."

"मी तुमच्याच भल्यासाठी सांगतेय. कंपनीच्या डिझाइनवाल्यांना लिस्टबाहेरचं एक चित्र दिसलं तर ते सगळं खोदून काढतील. वीस तारखेचं पण निघेल. मग तुमचं कन्फर्म करणं माझ्या हातात नाही राहणार. ट्रॅश परत टाका. बायांना ट्रेनिंग देंगे ना."

परत टाकला. काढायला दोन दिवस लागलेलं चित्र पानावरून पुसायला अर्धं मिनिट पुरलं. 'खात्री आहे का?' म्हणून मलाही विचारलं. मीही हिरवं दाबलं.

३१ जाने., शुक्र.

नागपूर. थंडगार खोली, चार साहेब, मोठा पडदा. मॅडमनी दाखवलं, मी कोपऱ्यात बसून ढग, गाडी, डबा बघत होते. एक साहेब म्हणाले, "क्लीन आहे." दुसऱ्यानं बायांचं वय विचारलं. डब्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. कोण विचारणार? सगळ्यांच्या टेबलाखाली तसाच एकेक होता.

बाहेर आल्यावर मॅडमनी माझा हात धरला. "ताई, झालं! रविवारी पान सुरू, सोमवारी दुपारी तुमचं लेटर."

मायला सांगितलं. ती आधी देवापुढे गेली, मग वाडीत जाऊन मोठमोठ्यानं शेजारणीला सांगत बसली, "आमच्या वनितीले पक्की लागली." ऐकवेना. आत येऊन पंखा लावला, तिचा आवाज दबेल म्हणून.

१ फेब्रु., शनि.

बायांसाठी ट्रेनिंगचा व्हिडिओ आला. चार मिनिटांचा, हिंदीत. एक गोरीपान मुलगी कचऱ्याच्या डब्यात कागद टाकते. कुंदाबाईंना पाठवला. त्यांनी उघडला नाही, आकार मोठा आहे, गावात रेंज येत नाही.

मन म्हणतं, एकदा फसलं, आता बायांच्या लक्षात राहील. मन खोटं बोलतं. नऊ जणींना मी तोंडानं काय सांगितलं आहे? 'आता कोठी नाही, टोपलं आहे.' रविवारी त्या टोपलं शोधतील, कोठी दिसेल, म्हणतील, ताईनं पुन्हा घातली म्हणजे या वेळी खरीच असेल.

नोकरी मिळाली आणि आनंद होत नाही. असं कुणाला सांगावं? प्रवीणला सांगितलं तर म्हणेल, ताई, तू फार विचार करतेस.

२ फेब्रु., रवि.

दुपारी तीनला कुंदाबाईंचा फोन.

"ताई, कोठी काढली ना? बाया इचारून राह्यल्या. एक डाव झालं ते झालं. दुसऱ्या डावानं कोणी हात नाई लावणार. अन् माह्या शब्दावर आल्या व्हत्या त्या."

"काढली," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि बसले. इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोलले नाही. छापखान्यात पत्रिकेतलं नाव चुकलं तरी मालकासमोर जाऊन सांगायचे. बाया दिवेलागणीला भरतात. म्हणजे हातात तीन तास.

मॅडमना फोन करून विचारावं? विचारलं तर नाही म्हणतील. नाही म्हटल्यावर केलं तर सरळ सरळ अवज्ञा. न विचारता केलं तर निदान... काय निदान? काहीच नाही. दोन्हीकडून मीच.

माय वाडीतून सांबार घेऊन आली. तिला विचारलं, "तू काय केलं असतं?" तिला सगळं सांगितलं नव्हतं, पण बायांचा माल गेल्याचं माहीत होतं. म्हणाली, "मले काय समजते त्यातलं. पण ज्याचा माल गेला त्याच्या समोरून उद्या जाता आलं पायजे."

चार वाजता टोपलं घातलं. कचऱ्याचा डबा काढला. 'खात्री आहे का?' ही पाटीच काढून टाकली. चौदाही जणींना आवाज रेकॉर्ड करून निरोप पाठवला, 'टोपलं बसवलं आहे. भरलं की सोडून द्या, आपोआप राहतं.' घाईत दोनदा चुकीची फाइल चढवली.

३ फेब्रु., सोम.

सहाला यादी उघडली. चौदा जणी, चौदा पानं, सगळी भरलेली. कुंदाबाईंचा पालक वीस जुड्या. शांताबाईनं मेथी भरली होती, ती पहाटे जावयाकडे पाठवली, म्हणून टोपलं पालथं घातलं. तेवढीच एक ओळ गेली. जशी जायला हवी तशी.

सात वीसला गाडी आली. कुंदाबाईंनी गाडीचा फोटो पाठवला, बोट अर्धं कॅमेऱ्यावर. खाली आवाज, "भरून गेली वं ताई, भरून गेली!"

खूप हसले. मग आठ पाचला मॅडमचा मेसेज. 'ताई, ट्रॅश कुठे गेला? फोन करा.'

ना अंगठा, ना फुलं. रागाचा आहे की नुसता प्रश्न, समजत नाही. तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा खोडलं. यादीचा आणि गाडीचा फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे पाहिलं. त्यावर काही नाही.

दहा वाजले. ऑफिस उघडलं असेल. लेटर दुपारी यायचं आहे, किंवा नाही यायचं.

माय हात पुसत दारात उभी. "प्रवीणले सांगून देऊ का वं, तिकिटं कॅन्सल कर म्हणून?"

म्हटलं, थांब, आधी मला मॅडमना एक फोन करू दे.